चाळीस दिवसांचा हिशेब

मार्च २०२० पूर्वी घोटीच्या बाजारपेठेत 'क्वारंटाईन' हा शब्द क्वचितच कुणाच्या तोंडी आला असेल. पुढच्या महिना-दोन महिन्यांत तो राइस मिलवरच्या हमालापासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांचा झाला. कुणी 'कोरंटाईन' म्हणे, कुणी 'कॉरंटीन'. मराठीने त्याला लगेच क्रियापदेही जोडून दिली. माणूस क्वारंटाईन 'होऊ' लागला, त्याला क्वारंटाईन 'केले' जाऊ लागले, तो क्वारंटाईनमध्ये 'अडकला' आणि मुदत संपली की 'सुटला'. अडकणे आणि सुटणे ही कैदेची क्रियापदे आहेत. लोकांनी ती कुणाला विचारून लावली नव्हती, पण अचूक लावली होती. सरकारी मराठीत 'अलगीकरण' आणि 'विलगीकरण' असे दोन शब्द आले. संपर्कात आलेल्या निरोगी माणसाला वेगळे ठेवणे म्हणजे पहिले, आणि खुद्द रुग्णाला वेगळे ठेवणे म्हणजे दुसरे. हा फरक कागदावर राहिला. बोलताना आणि छापतानाही दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. उर्दू वर्तमानपत्रांत त्या दिवसांत 'करंतीना' हा शब्द दिसू लागला, तेव्हा मुलांना तो अरबी वाटला. दिसायला तो आहेच तसा, काफ आणि तोय घालून लिहिलेला. पण मूळचा तो इटलीचा. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून तो तुर्की आणि अरबीत गेला आणि तिथून उर्दूत उतरला. अरबीचा स्वतःचा शब्द 'हजर' असा आहे. त्याचा अर्थ रोखणे, अडवणे. आपण मशिदीतल्या किंवा दर्ग्यातल्या लहान खोलीला 'हुजरा' म्हणतो, तो शब्द याच धातूचा. म्हणजे वेगळे ठेवणे आणि खोली हे दोन अर्थ एका घरातले आहेत. (हिजरतचा 'हे' निराळा आहे. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात.)

इटालियन भाषेत 'क्वारांता' म्हणजे चाळीस. चौदाव्या शतकात प्लेगने युरोप अर्धमेला केला, तेव्हा १३७७ साली एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा या बंदराने, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकने, एक नियम केला. साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांनी शहरात शिरण्याआधी तीस दिवस बाहेर काढायचे. पुढे तिसाचे चाळीस झाले. व्हेनिसने १४२३ साली यासाठी एका बेटावर कायमची जागाच बांधली. चाळीसच का, याचे वैद्यकीय कारण तेव्हा कुणापाशी नव्हते. रोगाचे जंतू कुणाला ठाऊक नव्हते. परंतु चाळीस हा आकडा धर्मपरंपरेत मुरलेला होता. ईसा अलैहिस्सलाम यांच्या उपवासाचे चाळीस दिवस ख्रिस्ती माणसाला माहीत होते. मूसा अलैहिस्सलाम तूर पर्वतावर चाळीस रात्री होते, हे यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघेही मानतात.

आता हा आकडा आपल्या घरात शोधू. फारसीत 'चिहल' म्हणजे चाळीस आणि त्यापासून झाला 'चिल्ला'. सूफी बुजुर्ग चाळीस दिवस एकांतात बसत, त्या बसण्याला चिल्ला म्हणतात आणि जिथे बसले त्या जागेलाही चिल्लाच म्हणतात. बाळंतीण चाळीस दिवस घरात असते, चाळिसाव्या दिवशी नहाते, तोही चिल्ला. 'चेहलम' त्याच शब्दाचा भाऊ. तबलीगच्या जमातीबरोबर कुणी चाळीस दिवसांसाठी निघाला, तर तो 'चिल्ल्यावर गेला' असे आपण म्हणतो. शब्दार्थाने पाहिले तर 'क्वारंटाईन' आणि 'चिल्ला' हे एकच आहेत. दोन्ही म्हणजे चाळीसचा काळ. एक बंदरावरच्या अधिकाऱ्याने लादलेला आणि दुसरा माणसाने स्वतः घेतलेला किंवा घराने दिलेला, इतकाच फरक. शेजारच्या मराठी घरात बाळंतिणीचा 'सव्वा महिना' असतो. तोही जवळपास तिथेच येतो.

'इद्दत' हा शब्द तर याहून बोलका आहे. इद्दत म्हणजे वेगळे बसणे असे आपण समजतो. धातू पाहिला तर त्याचा अर्थ मोजणे असा आहे. अदद, तादाद आणि इद्दत ही तिन्ही एकाच घरची भावंडे. विधवेसाठी चार महिने दहा दिवस, गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत. शब्दाचा सगळा भर मोजणीवर आहे, कोपऱ्यावर नाही. मोजून झाले की ती स्त्री मोकळी. वापरात मात्र आपण शब्दाचा अर्थ फिरवला आहे. हनफी फिकहनुसार विधवेला पोटापाण्यासाठी दिवसा बाहेर जाता येते, रात्र घरी काढायची. तरीही नोकरी करणाऱ्या बाईने इद्दतीत शाळेत पाऊल टाकले तर मोहल्ल्यात कुजबुज होते, आणि इद्दत संपल्यावरही तिने लग्नाच्या मांडवात मागेच बसावे अशी अपेक्षा असते. मोजणी संपते, बसवणे संपत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही.

इथे थांबून एक गोष्ट नोंदवते, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. माणसाला वेगळे ठेवणारे शब्द दोन जातींचे आहेत. काहींच्या पोटात आकडा आहे: चिल्ला, इद्दत, एतिकाफचे दहा दिवस, सुतक, क्वारंटाईन. काहींच्या पोटात आकडा नाही: वाळीत, बहिष्कार, गावकुसाबाहेर. पहिल्या जातीच्या शब्दात परत येण्याची तारीख ठरलेली असते. दुसऱ्या जातीत ती नसतेच. आकडा असला म्हणजे सगळे भले, असेही नाही. महिन्याचे चार दिवस 'बाहेर बसलेली' बाई आकडा असूनही आयुष्यभर दर महिन्याला बाहेरच बसत आली. पण आकडा खोडला गेला की पहिल्या जातीचा शब्द दुसऱ्या जातीत जातो, आणि तो कोण खोडतो हे पाहण्यासारखे असते.

साथ आणि माणसाचे येणे-जाणे याबद्दल मुसलमानांपुढे पहिला प्रश्न फार लवकर आला. हिजरी सन १८ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ६३९ च्या आसपास, शाममध्ये अमवासचा ताऊन पसरला. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले होते. सरग या ठिकाणी त्यांना बातमी कळली आणि मशविऱ्यानंतर त्यांनी परत फिरायचे ठरवले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? उमर यांच्या उत्तराचा आशय असा की एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. तेवढ्यात हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी नबी करीम (स.) यांची हदीस सांगितली: साथ असलेल्या मुलखात शिरू नका, आणि तुम्ही असलेल्या मुलखात साथ आली तर तिथून पळून जाऊ नका. अबू उबैदा आपल्या लोकांत राहिले आणि त्याच साथीत गेले. या हदीसमध्ये आजारी माणसाला उचलून दुसरीकडे टाका असे नाही. बंधन मुलखाला आहे, आतल्या आणि बाहेरच्या दोघांना सारखे. २०२० साली आपल्या मशिदींच्या कमिट्यांनी ही हदीस भोंग्यावरून सांगितली, तेव्हा लोकांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

बंदरातला करंतीना हिंदुस्थानी मुसलमानाला भेटला तो हजच्या वाटेवर. १८६५ साली मक्केत कॉलऱ्याने हजारो हाजी मेले आणि परतणाऱ्यांबरोबर रोग इजिप्त आणि युरोपपर्यंत पोहोचला. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हाजींचा प्रवास हा युरोपच्या आरोग्याचा प्रश्न ठरला. १८८२ पासून उस्मानी सरकारने तांबड्या समुद्रात, यमनच्या किनाऱ्याजवळ, कमरान बेटावर तपासणी ठाणे चालवले. मुंबईहून निघालेली हाजींची बोट आधी कमरानला लागे. एहराम बांधण्याचे यलमलमचे ठिकाण त्याच्या पुढे. म्हणजे हाजी अजून एहरामातही नसे आणि त्याला बेटावर उतरवून कपडे वाफेच्या यंत्रात घातले जात, अंघोळ घातली जात, झोपड्यांत ठेवले जात. वर त्याचे पैसेही त्याच्याकडूनच घेतले जात. बोटीवर कॉलरा निघाला की मुक्काम लांबे. हजची तारीख मात्र कुणासाठी लांबत नाही. ज्याने आयुष्यभराची पुंजी लावून प्रवास केला, त्याला कमरानवरचा एकेक दिवस कसा मोजावा लागला असेल!

उत्तरेकडच्या हाजींसाठी दुसरे ठाणे सीनाई द्वीपकल्पावर होते. गावाचे नाव तूर. ज्या परिसरात मूसा अलैहिस्सलाम यांच्या चाळीस रात्री झाल्या असे मानतात, त्याच परिसरात परतणाऱ्या हाजींचा करंतीना बसवला गेला. १९०५ साली तिथे मरण पावलेल्या हाजींच्या तपासणीत कॉलऱ्याच्या जंतूचा एक वेगळा प्रकार सापडला आणि त्याला गावाचे नाव मिळाले, 'एल तोर'. १९६१ पासून जगभर पसरलेली कॉलऱ्याची सातवी मोठी साथ याच जंतूची. डॉक्टरी पुस्तकांत आजही तो तूरच्या नावाने ओळखला जातो. त्या हाजींची नावे मात्र कुठेच नाहीत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साडेआठ लाखांच्या शहरातून काही महिन्यांत जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. पुष्कळ जण थळ घाट चढून आपल्याच भागातून पुढे गेले. रेल्वे आणि सडक दोन्ही आपल्या दारातून जातात. मुंबईला शिंक आली की घोटी-इगतपुरीला आधी कळते. कल्याणला गाड्या थांबवून प्रवाशांची तपासणी होऊ लागली. युरोपातल्या दडपणाने १८९७ च्या हंगामात मुंबईहून हजला जाणेच बंद करण्यात आले. त्या वर्षी मे महिन्यात ईद-उल-अजहा झाली, तेव्हा मुंबईहून हजची वाट बंद होती.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. कायदा अवघ्या चार कलमांचा, दोन पानांत मावणारा. त्यातला एक शब्द पाहण्यासारखा आहे. प्रवासात संशयित आढळलेल्या माणसाचे काय करायचे, हे सांगताना कायद्याने 'क्वारंटाईन' हा शब्द वापरलेला नाही. शब्द आहे 'सेग्रिगेशन'. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. सेग्रिगेशन म्हणजे कळपातून जनावर बाजूला काढणे. त्यात चाळीस नाहीत, तीस नाहीत, एकही नाही. किती दिवस, हे कायद्याने अधिकाऱ्यावर सोडले. चांगल्या हेतूने केलेल्या कृतीबद्दल त्या अधिकाऱ्यावर खटला चालणार नाही, हे मात्र चार कलमांपैकी एका संपूर्ण कलमात लिहून ठेवले. पुढे अमेरिकेत काळ्यांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवण्याच्या व्यवस्थेलाही हाच शब्द मिळाला. शब्दाच्या अंगात ते होतेच.

पुण्यात या कायद्याची अंमलबजावणी रँडने केली. पुढचे सर्वांना पाठ आहे: २२ जून १८९७, गणेशखिंड, चाफेकर बंधू. शाळेच्या पुस्तकात प्लेग इतकाच असतो. आपल्या मुलांना सांगण्यासारखी दुसरी तारीख ९ मार्च १८९८ ही आहे. त्या दिवशी मुंबईत रिपन रोडच्या परिसरात, मदनपुऱ्यात, शोधपथक एका जुलाहा घरातल्या आजारी मुलीला तपासून न्यायला आले. घरच्यांनी नकार दिला, गर्दी जमली, दगडफेक झाली, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली. शहर बंद पडले. हे विणकर उत्तरेतून आलेले मोमीन, आपल्या मालेगावच्या मागवाल्यांचेच भाऊबंद. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात सिन्नरलाही प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध दंगल उसळली.

इंग्रजी कागदपत्रांत या प्रसंगांचे कारण सहसा 'अज्ञान आणि धर्मवेड' असे दिलेले असते. मला ते पटत नाही. लोक काय मागत होते ते पाहावे. बाईची तपासणी बाईने करावी. आजाऱ्याजवळ घरचे एक माणूस राहू द्यावे. रुग्णालयात आपले जेवण मिळावे. मेला तर गुस्ल आणि जनाजा व्हावा, मय्यत कुठे गेली ते कळावे. वेगळे ठेवूच नका, अशी ही मागणी नव्हती. वेगळे ठेवलेल्याचा आपल्याशी धागा तुटू नये, एवढेच मागणे होते. सरकारनेही पुढे हे एकेक करून मान्य केले. रेल्वे तपासणीसाठी स्त्री-डॉक्टर नेमल्या गेल्या. मुंबईत पारशी, जैन, खोजा अशा अनेक जमातींची स्वतःची प्लेग रुग्णालये उभी राहिली आणि तिथे लोक आपण होऊन जाऊ लागले. हाफकिनची लस आली तेव्हा तिसऱ्या आगाखानांनी, जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर असताना, लोकांसमोर टोचून घेतली आणि खोजा समाज लसीला तयार झाला. सक्तीचा बहुतेक भाग दोन-तीन वर्षांत सैल पडला.

यातली सर्वांत कडू गोष्ट नंतर कळली. १८९८ मध्येच कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे दाखवून दिले. त्याच्यावर विश्वास बसायला पुढे काही वर्षे गेली. म्हणजे माणसाला माणसापासून ओढून काढले जात होते आणि रोग घराच्या भिंतीत राहत होता. त्या मानाने खेड्यातल्या लोकांनी शोधलेला उपाय शहाणपणाचा होता. उंदीर पडू लागले की सगळे गावच उठून माळावर झोपड्या घालून राही. पाटील, मुलाणी, सुतार, सगळे उघड्यावर. झोपड्यांचीही आळी असे आणि तिथेही गावकूस कल्पनेने आखलेले असे, हे खरे. पण निदान कुणा एकाला 'काढले' जात नसे. गाव स्वतःच घरापासून वेगळे होत असे.

महारोग्याच्या बाबतीत तर कुणी दिवस मोजलेच नाहीत. १८९८ साली महारोग्यांसाठी वेगळा कायदा झाला. भीक मागणारा महारोगी पकडून आश्रमात ठेवायचा, आणि आजाराला औषध नव्हते म्हणून तो राहायचा कायमचा. औषध आले. जगभर लाखो माणसे पूर्ण बरी झाली. कायदा पुस्तकात राहिला आणि २०१६ साली रद्द झाला. आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट अशी की १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याला महारोग असणे हे फस्ख मागण्याचे एक कारण होते. हिंदू आणि ख्रिस्ती कायद्यांतही ते होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते सगळीकडून एकदमच काढले गेले. आजार बरा होऊ लागल्यानंतर हा शब्द कायद्यातून जायला तीन पिढ्या लागल्या.

आणि 'वाळीत' हा शब्द तर खास आपल्या मातीचा. वाळणे म्हणजे वगळणे. रोटी-बेटी बंद, विस्तव बंद, मयताला खांदा बंद. हा जातपंचायतींचा शब्द म्हणून आपण हात झटकतो, पण बोहरा समाजात 'बरात' म्हणतात ती हीच. मुंबई राज्याने १९४९ साली समाजबहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. त्याला दाऊदी बोहरांच्या सय्यदनांनी आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. महाराष्ट्राने पुन्हा २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. जुन्या निकालाचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' ठेवले. त्यांना शब्दाची जात नीट ठाऊक होती. याच नाशिक जिल्ह्यात काळारामाच्या दारात १९३० पासून वर्षानुवर्षे सत्याग्रह चालला आणि दार उघडले नाही. शेवटी १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. बाहेर ठेवणाऱ्यांनी परत घेण्याची तारीख दिली नव्हती, तेव्हा निघून जाण्याची तारीख त्यांनी स्वतः ठरवली.

आता पुन्हा २०२० कडे येते. १३ मार्चला महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा लागू झाला. तीन दिवसांनी सरकारने ठरवले की घरी विलगीकरणात असलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्का मारायचा. त्या शिक्क्याविरुद्ध पुष्कळ लिहिले गेले, आणि हातावर शिक्का मारून घेणे कुणाला आवडणारही नाही. तरी शिक्क्यात मुदत संपण्याची तारीख होती, हे मला महत्त्वाचे वाटते. सव्वाशे वर्षांनी का होईना, 'सेग्रिगेशन'च्या कायद्याखाली माणसाच्या हातावर आकडा लिहिला गेला.

सर्वांसाठी तसे झाले नाही. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधून मार्चअखेरीस बाहेर काढलेल्या जमातीच्या लोकांची मुदत चौदा दिवसांची होती, फार तर अठ्ठावीस. एप्रिल गेला, रमजान सुरू झाला, तपासण्या निगेटिव्ह आल्या, तरी पुष्कळ जण तिथेच होते. न्यायालयात अर्ज गेले. मुदत पुरी केलेल्यांना सोडण्याचा आदेश दिल्ली सरकारने ६ मे रोजी काढला. हिशेब केला तर चाळीस दिवस होत आलेच होते. चिल्ल्यासाठी घरातून निघालेल्या माणसांचा चिल्ला असा पुरा झाला! महाराष्ट्रात नगर जिल्ह्यात जमातीच्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचे बकरे बनवले गेल्याचा निष्कर्ष नोंदवला. तोवर गल्लोगल्ली 'जमाती' हा शब्दच रोगाचे नाव झाला होता. मुसलमान भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवण्याचे प्रकार त्या एप्रिलमध्ये देशात अनेक ठिकाणी घडले. त्या भाजीवाल्याच्या हातावर शिक्का नव्हता आणि त्यामुळे त्याच्या मुदतीलाही अंत नव्हता.

मय्यतीचा प्रश्नही १८९८ सारखाच परत आला. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाने मेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे पत्रक काढले. ओरड झाली आणि ते त्याच दिवशी मागे घेण्यात आले. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानात अशा दफनाला विरोध करणारी याचिका गेली. २२ मे रोजी उच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि सन्मानाने दफन होण्याचा हक्क मान्य केला. या वेळी दंगल झाली नाही. वकील झाले, याचिका झाली. मदनपुऱ्यातल्या त्या विणकरांना ही वाट मोकळी नव्हती. उलट बाजूही सांगायला हवी. पुण्याच्या आझम कॅम्पसने आपल्या मशिदीचा एक मजला क्वारंटाईनसाठी देऊ केला. इचलकरंजीच्या मुसलमानांनी ईदच्या खर्चाला फाटा देऊन जकातीच्या पैशांतून सरकारी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. 'वेगळे' ठेवण्याची जागा आपणच सर्वांसाठी उघडली, असे इतिहासात फार वेळा घडत नाही.

क्वारंटाईन शब्द ज्या व्हेनिसने जगाला दिला, त्याच व्हेनिसने दुसराही एक शब्द दिला. २९ मार्च १५१६ रोजी तिथल्या सरकारने शहरातल्या यहुद्यांना एका लहानशा बेटावर राहण्याची सक्ती केली. रात्री दरवाजे बंद, पहारेकरी दारात, आणि पहारेकऱ्यांचा पगार यहुद्यांनीच द्यायचा. कमरानच्या हाजींची आठवण येते. त्या भागाचे नाव होते 'घेट्टो'. चाळीस दिवसांची सोय करणाऱ्या शहराला इथे कितीही दिवस चालणार होते. हे दरवाजे १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजा आल्यावर निघाले, दोनशे एक्क्याऐंशी वर्षांनी.

आपला 'मोहल्ला' हा शब्द मुळात उतरण्याची जागा, मुक्काम, अशा अर्थाचा आहे. प्रवासी जिथे ओझे उतरवतो ती जागा. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली असंख्य कुटुंबे मुंब्र्याला उतरली. 'वातावरण निवळेपर्यंत' असे म्हणूनच बहुतेक जण गेले होते. आमच्याही नात्यातली दोन घरे गेली. भाड्याची पावती आधी महिन्याची होती, मग अकरा महिन्यांची झाली, मग खोल्या विकत घेतल्या गेल्या, आणि तिथे जन्मलेली मुले आता तिथल्याच शाळांत शिकवतात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने असुरक्षिततेपोटी मुसलमान एकाच वस्तीत गोळा होत असल्याची नोंद केली. त्या अहवालावर चर्चा झाली ती नोकऱ्या आणि शिक्षणाच्या आकड्यांची. मुंब्र्याला गेलेल्यांनी परत कधी यायचे, हा आकडा कुठल्या तक्त्यात बसणारा नव्हता.

बैरूत शहरात बंदराला लागून एक वस्ती आहे. १८३० च्या दशकात इजिप्तच्या इब्राहिम पाशाच्या अमदानीत तिथे बोटींतून उतरणाऱ्या प्रवाशांना काही दिवस ठेवण्यासाठी जागा बांधली गेली. बोटी येत राहिल्या, मग तपासणी बंद झाली, आवार रिकामे पडले. पहिल्या महायुद्धानंतर तिथे आर्मेनियन निर्वासित उतरले, नंतर फिलिस्तीनी, नंतर कुर्द आणि गरीब लेबनानी. जानेवारी १९७६ मध्ये यादवीत तिथे कत्तल झाली आणि झोपड्या बुलडोझरने सपाट केल्या गेल्या. ४ ऑगस्ट २०२० च्या बंदरातल्या स्फोटात ती वस्ती पुन्हा उद्ध्वस्त झाली. वस्तीचे नाव करंतीना.